रॅम विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डाला विचारा

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, माळशेज घाटाचा माथा आणि पिंपळगाव जोगे धरण यांच्या परिसरात मढ हे गाव आहे. या भागातील कित्येक घरांतील एक तरी माणूस नोकरीधंद्यानिमित्त मुंबई, ठाणे वा पुण्याला असतो. शहरातल्या घरी नवा लॅपटॉप आला, की जुना डेस्कटॉप संगणक गाडीत घालून गावी नेला जातो. पुतण्याचा अभ्यास, शेतीच्या योजनांचे ऑनलाइन अर्ज, वडिलांच्या सात-बाराचा उतारा अशी कामे त्यावर होऊ लागतात. वर्ष-दोन वर्षांत फोन येतो : संगणक फार हळू चालतो, येताना रॅम घेऊन या.

खरी अडचण इथून सुरू होते. 'रॅम' म्हणून दुकानात मागितली तर दुकानदार विचारतो, "कोणती?" या एका प्रश्नाचे उत्तर जवळ नसेल तर अंदाजाने वस्तू घेतली जाते. सुटीत गावी पोहोचल्यावर ती मदरबोर्डात बसतच नाही, किंवा बसते आणि पडदा काळाच राहतो. मढहून पुणे शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि मुंबई घाटाखाली. त्यामुळे ती बदलून घेण्याचा योग पुढच्या सुटीपर्यंत येत नाही. उघडलेले पाकीट परत घेण्यास पुष्कळ दुकानदार तयार नसतात, हा अनुभव शहरातल्या ग्राहकालाही नवा नाही. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांसाठी मागणी वाढल्याने उत्पादकांनी आपले लक्ष तिकडे वळवले, आणि 'क्रुशल' या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये त्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. अशा काळात चुकीची खरेदी अधिकच जड जाते.

ही चूक टाळणे मुळीच कठीण नाही. आवश्यक ती सर्व माहिती त्या जुन्या संगणकातच असते. ती वाचून एका चिठ्ठीवर उतरवली, की काम झाले. त्या चिठ्ठीवर काय असावे आणि का असावे, ते क्रमाने पाहू.

आधी निदान, मग औषध

संगणक मंद चालण्याचे कारण प्रत्येक वेळी रॅमच असते असे नाही. रॅम म्हणजे चालू कामाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कागदपत्रांचे कपाट, असे मानले तर टेबल लहान पडल्यावर प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे खेप घालावी लागते. टेबल मोठे केल्याने या खेपा वाचतात. परंतु टेबल अर्धे रिकामे असताना ते आणखी मोठे करून काहीच लाभ होत नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी' निवडावी. नेहमीची कामे चालू असताना वापर सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहत असेल, तर रॅम वाढवण्याचा उपयोग होईल. मेमरी पन्नास टक्केच वापरात असून 'डिस्क' मात्र शंभर टक्क्यांवर अडकली असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे अधिक गुणकारी ठरते.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर ध्यानात घ्यावी. विंडोज १० चे नियमित साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते खरी, पण त्याखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतील प्रोसेसरही लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे चौथ्या पिढीच्या संगणकात १६ जीबी रॅम घातली तरी तो विंडोज ११ च्या निकषांत बसत नाही. केवळ त्या आशेने रॅमवर खर्च करू नये.

पहिला प्रश्न : पिढी कोणती?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती आणि ती त्या एका यंत्रासाठीच घडवलेली होती. एका यंत्राची स्मृती काढून दुसऱ्यात बसवण्याचा प्रश्नच नव्हता. आज कोणत्याही कंपनीची रॅम कोणत्याही कंपनीच्या मदरबोर्डात चालते, ती 'जेडेक' या संस्थेने ठरवून दिलेल्या सामाईक मानकांमुळे. मात्र ही अदलाबदल एका पिढीच्या आतच शक्य असते.

या पिढ्या डीडीआर, डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा आहेत. त्यांची मानके अनुक्रमे २०००, २००३, २००७, २०१२ आणि २०२० या वर्षांत प्रसिद्ध झाली. प्रत्येक पिढीत विजेचा दाब कमी होत गेला. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट लागतात. संदेश पाठवण्याची पद्धतही बदलली. म्हणून एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये कधीच चालत नाही. चुकून कोणी बसवू नये यासाठी पट्टीच्या खालच्या कडेला असलेल्या खाचेची जागा प्रत्येक पिढीत वेगळी ठेवली आहे. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना असतात, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींना २८८. लांबी सारखी म्हणून फसू नये, खाच पाहावी. खाच जुळत नसताना जोर लावला तर स्लॉट मोडतो, आणि मग मदरबोर्डच बदलण्याची पाळी येते.

पिढी ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'सीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम. त्याच्या 'मेमरी' या पानावर पिढी लिहिलेली दिसते. संगणक सुरूच होत नसेल तर झाकण उघडून जुन्या पट्टीवरील लेबल वाचावे. पीसी२ म्हणजे डीडीआर-२, पीसी३ म्हणजे डीडीआर-३, पीसी४ म्हणजे डीडीआर-४, असा सरळ हिशेब आहे.

नव्या संगणकांतही एक पेच आहे. इंटेलचे बाराव्या पिढीचे आणि त्यानंतरचे काही प्रोसेसर डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींशी जुळतात, पण मदरबोर्ड मात्र सहसा दोहोंपैकी एकाच पिढीचा असतो. जवळपास एकाच नावाचे दोन मदरबोर्ड, एक डीडीआर-४ चा आणि दुसरा डीडीआर-५ चा, बाजारात आढळतात. नावाच्या शेवटची अक्षरेसुद्धा टिपून घ्यावीत, ती यासाठी.

दुसरा प्रश्न : पट्टीचा आकार कोणता?

नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये लांब पट्टी लागते. तिला 'डिम' म्हणतात. लॅपटॉपमध्ये तिच्या निम्म्या लांबीची 'एसओ-डिम' असते. डेस्कटॉप म्हटल्यावर लांब पट्टीच लागणार, असे गृहीत धरू नये. पडद्याच्या मागेच सारा संगणक सामावलेले 'ऑल-इन-वन' आणि पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप बहुधा लॅपटॉपचीच पट्टी वापरतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' या ओळीपुढे हा आकार दिलेला असतो. एकूण किती स्लॉट आहेत आणि त्यांपैकी किती भरले आहेत, हेही त्याच पानावर कळते.

तिसरा प्रश्न : कमाल किती झेपेल?

रॅमशी बोलणारा नियंत्रक पूर्वी मदरबोर्डावरील चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये घरगुती संगणकांत तो प्रोसेसरच्या आत आणण्यास प्रारंभ केला. म्हणून जुन्या संगणकात चिपसेट आणि नव्यात प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून कमाल मर्यादा ठरवतात.

आपल्याकडील जुन्या संगणकांत वारंवार आढळणारी काही उदाहरणे घेऊ. इंटेलच्या जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड डीडीआर-२ प्रकारची कमाल ४ जीबी रॅम घेतो. जी-४१ ची मर्यादा ८ जीबी असून त्याचे काही मदरबोर्ड डीडीआर-२ चे, तर काही डीडीआर-३ चे आहेत. एच-६१ आणि एच-८१ हे डीडीआर-३ चे असून दोन स्लॉट मिळून १६ जीबीपर्यंत जातात. म्हणजे एका स्लॉटमध्ये ८ जीबीहून मोठी पट्टी चालत नाही. एच-११० ची मर्यादा ३२ जीबी आहे. तो प्रामुख्याने डीडीआर-४ चा असला, तरी त्याचे काही मदरबोर्ड कमी दाबाच्या डीडीआर-३एल पट्टीसाठी बनवलेले होते. केवळ चिपसेटचे नाव वाचून निर्णय करू नये, ते यामुळेच.

मदरबोर्डाचे पूर्ण नाव सीपीयू-झेडच्या 'मेनबोर्ड' या पानावर, विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' मध्ये, किंवा खुद्द मदरबोर्डावर ठळक छापलेले सापडते. ते नाव उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधले, की कमाल क्षमता, चालणारे वेग आणि बहुतेक वेळा प्रत्यक्ष तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादी मिळते. यादीतील पट्टी मिळाली तर उत्तमच. ती न मिळाल्यास इतर सर्व बाबी जुळणारी पट्टीही बहुधा चालते, कारण उत्पादक बाजारातील प्रत्येक पट्टी तपासत नाहीत.

येथे एक आडवळण आहे. एकूण क्षमता मर्यादेत असूनही पट्टी नाकारली जाऊ शकते. जी-४१ च्या डीडीआर-३ मदरबोर्डात ४ जीबीची पट्टी घालायची असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली घ्यावी लागते. एकाच बाजूला आठ चिपा असलेल्या ४ जीबीच्या पट्टीतील प्रत्येक चिप अधिक दाट असते आणि हा जुना नियंत्रक तिला ओळखत नाही. पट्टी खरी, नवी आणि निर्दोष असते. दुकानातल्या संगणकात ती चालतेही. घरी मात्र चालत नाही, आणि दोष कोणाचा यावरून वाद होतो.

विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हेही पाहावे. 'सेटिंग्ज' मधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'अबाउट' या पानावर ते दिसते. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडे जात नाही आणि त्यातलीही सुमारे तीन-साडेतीन जीबीच उपयोगात येते. अशा संगणकात ८ जीबी रॅम घातली तर वरची सगळी वाया जाते. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर आधी विंडोज नव्याने घालून घ्यावे लागते.

चौथा प्रश्न : वेग किती?

वेगाच्या बाबतीत नियम उदार आहे. त्याच पिढीची अधिक वेगाची पट्टी कमी वेगाच्या मदरबोर्डात बहुधा चालते, फक्त मदरबोर्डाच्या वेगाने चालते. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोन्ही संथ पट्टीच्या चालीने चालतात. म्हणून २१३३ च्या मदरबोर्डासाठी ३२०० ची महाग पट्टी घेण्यात अर्थ नाही. मात्र तीच स्वस्त मिळत असेल तर घेण्यास हरकतही नाही.

लेबलावरील मोठ्या आकड्याने गोंधळून जाऊ नये. पीसी३-१२८०० मधील १२८०० हा आकडा दर सेकंदाला किती मेगाबाइट वाहून नेले जातात ते सांगतो. त्याला आठाने भागले की १६०० हा वेग मिळतो. पीसी४-१९२०० म्हणजे २४००, पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. सीपीयू-झेडमध्ये मात्र याच्या निम्मा आकडा दिसतो, कारण डीडीआर प्रकारात घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. १६०० ची पट्टी तेथे ८०० दाखवत असेल, तर दुकानदाराने फसवले असा समज करून घेऊ नये.

पाचवा प्रश्न : जुन्या पट्टीशी जमेल का?

स्लॉट रिकामा असेल तर जुनी पट्टी ठेवून नवी जोडणे स्वस्त पडते. दोन्ही पट्ट्यांची क्षमता समान असेल तर 'ड्युअल चॅनल' पद्धतीने प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती घेतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात याचा लाभ विशेष जाणवतो. चार स्लॉट असल्यास दोन पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये बसवायच्या ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक मदरबोर्डांवर त्यासाठी स्लॉटचे रंगही वेगळे ठेवलेले असतात.

निरनिराळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतात, परंतु दर वेळी चालतीलच याची हमी कोणी देत नाही. दोन पट्ट्यांचा संच एकत्र विकला जातो, तो त्याच कारणाने. विजेचा दाबही जुळला पाहिजे. डीडीआर-३एल ही १.३५ व्होल्टची पट्टी १.५ व्होल्टच्या मदरबोर्डातही चालते. मात्र केवळ डीडीआर-३एल साठी बनवलेल्या संगणकात १.५ व्होल्टची साधी पट्टी घालू नये.

स्वस्ताईचे दोन सापळे

डीडीआर-३ ची पिढी आता मुख्यतः जुन्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या मालाच्या बाजारात मिळते. तेथे दोन प्रकारच्या पट्ट्या आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्त दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' रॅम. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ मध्ये ती घरगुती मदरबोर्डात नीट बसते, खाचही जुळते. पण संगणक सुरू होत नाही. ओळखण्याची खूण लेबलावरच असते. पीसी३ च्या आकड्यानंतर इंग्रजी 'यू' हे अक्षर असेल तर ती साधी डेस्कटॉपची पट्टी, 'एस' असेल तर लॅपटॉपची आणि 'आर' असेल तर सर्व्हरची. दुसरी खूण चिपांची. साध्या पट्टीच्या एका बाजूला सहसा आठ मोठ्या चिपा असतात. सर्व्हरच्या पट्टीवर चुका तपासण्यासाठी नववी चिप जोडलेली असते.

दुसरा प्रकार 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा. त्यांच्या चिपांची मांडणी वेगळी असल्याने त्या ठरावीक एएमडी संगणकांतच चालतात. इंटेलच्या संगणकासाठी त्या घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

जुना माल घेताना लेबलावरही विसंबून राहू नये, लेबल बदलता येते. पट्टीवरील एका छोट्या चिपेत तिची क्षमता, वेग आणि उत्पादक यांची नोंद असते. सीपीयू-झेडच्या 'एसपीडी' या पानावर ती वाचता येते. दुकानदाराने दुकानातील संगणकावर ते पान उघडून दाखवावे, असा आग्रह धरावा.

बसवताना

संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढावा आणि चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक विद्युत उतरवावी. पट्टी कडांनी धरावी, खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. बाजूचे खटके आपोआप लागतात. माळशेजच्या परिसरात पावसाळ्यात धुके आणि दमटपणा फार असतो. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर मळ साचला असेल तर मऊ खोडरबराने हलकेच पुसून घ्यावा. नवी पट्टी नापास ठरवण्यापूर्वी ती एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून पाहावी. डीडीआर-५ च्या संगणकात पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. नियंत्रक नव्या पट्टीशी वेळ जुळवत असतो. घाईने वीज बंद करू नये. तरीही जमले नाही तर बायोसची नवी आवृत्ती आहे का, ते उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी एकदा चालवावी. सदोष किंवा न जमणारी पट्टी कधी कधी दिवसभर नीट चालते आणि नेमक्या अर्ज भरण्याच्या वेळी संगणक निळा पडदा दाखवून थांबतो.

ती चिठ्ठी

आता गावाकडच्या त्या फोनकडे परत येऊ. "येताना रॅम घेऊन या" असे पुतण्या म्हणेल, तेव्हा त्याच्याकडून चार छायाचित्रे मागवावीत : टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान, सीपीयू-झेडचे 'मेनबोर्ड' आणि 'एसपीडी' हे भाग, आणि जुन्या पट्टीवरील लेबल. त्यांवरून तयार होणारी चिठ्ठी साधारण अशी असेल : 'एच-८१ मदरबोर्ड, त्याचे पूर्ण नाव; डीडीआर-३; लांब पट्टी; दोन स्लॉट, एक रिकामा; सध्या ४ जीबी, १६००; कमाल १६ जीबी; विंडोज ६४ बिट.' या चिठ्ठीवरून दुकानदाराला सांगता येते, की ४ जीबीची, १६०० वेगाची, 'यू' अक्षराची साधी डीडीआर-३ पट्टी हवी आहे. ही जोडली की दोन्ही पट्ट्या समान होऊन एकूण ८ जीबी रॅम होईल.

बिलावरही हेच वर्णन लिहून घ्यावे आणि न जुळल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, ते पैसे देण्यापूर्वी विचारावे. दुकानदाराचा "कोणती?" हा प्रश्न मग अडचणीचा राहत नाही. त्याचे उत्तर आपल्या खिशातच असते, आणि सुटीचे दिवस चुकीची पट्टी बदलण्याच्या चिंतेत न जाता घरच्या माणसांत जातात.